मातीला येणारे आमदार

ओहोळ सरांना लग्नाच्या पत्रिका कमी आणि मयताचे फोन जास्त यायचे. आमदार झाल्यावर तर विचारूच नका. आमच्या सोलापूर भागात अंत्यविधीला ‘माती’ म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करतात त्याला ‘सावडणं’. सावडून झालं की तिथेच, ओढ्याच्या काठी एखाद्या बाभळीखाली माईक लावतात आणि गावातली, तालुक्यातली मोठी माणसं गेलेल्याबद्दल बोलतात. नावं पुकारायला एक माणूस असतो. कोण आलं, कोण नाही आलं, कुणाला आधी बोलावलं आणि कुणाला शेवटी ताटकळत ठेवलं, यावर पुढे कितीतरी दिवस गावात चर्चा चालते. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण आमच्याकडचं निम्मं राजकारण असं राखेच्या शेजारी बसून होतं, आणि सरांचं तर सगळंच तिथे झालं.

मी आणि सर सोलापुरात भवानी पेठेतल्या एकाच शाळेत शिकवायचो. ते मराठी आणि इतिहास, मी विज्ञान. मुलं बहुतेक यंत्रमागवाल्यांच्या घरची, घरी तेलुगू बोलणारी. सरांचं मराठी त्यांना अर्धं कळायचं, पण सरांच्या तासाला कुणी जागचं हलत नसे. अंगाने किरकोळ, पांढरा शर्ट कायम बाहेर सोडलेला, चालताना मान थोडी वाकडी. कुणी बोलत असेल तर त्याच्याकडे असं बघायचे, की बोलणाऱ्याला वाटावं आपण काहीतरी महत्त्वाचं सांगतोय. राजकारणाचा म्हणाल तर गंध नव्हता. स्टाफरूममध्ये पेपर आला की ते आधी आतलं पान उघडायचे, निधनवार्तांचं. मी एकदा चिडून म्हणाले, “सर, सकाळी सकाळी हे काय वाचता?” तर म्हणाले, “बाई, पहिल्या पानावरची माणसं आपल्या ओळखीची नसतात. ही असतात.”

आमच्या शाळेचा शिपाई यल्लप्पा वारला, तेव्हा मला पहिल्यांदा सरांची खरी ओळख झाली. यल्लप्पा म्हणजे वैतागलेला माणूस. मुलांवर ओरडायचा, आमच्यावर ओरडायचा, हेडमास्तरांवर मनातल्या मनात ओरडायचा. सावडायच्या दिवशी शाळेतर्फे बोलायला कुणी तयार होईना, कारण खोटं किती बोलणार? ओहोळ सर मात्र सकाळीच त्याच्या घरी जाऊन बायकांच्यात बसून आले होते. माईकसमोर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “मुलं डबे विसरून जायची. यल्लप्पा ते डबे घरी नेऊन घासायचा आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या बाकावर ठेवायचा. आपल्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. त्याच्या बायकोला माहीत होतं, कारण घासायला राख तीच द्यायची.” आणि बसले. यल्लप्पाची बायको तोंडात पदर धरून रडली. माझेही डोळे भरून आले. त्या डब्यांचं आम्हाला कधी आश्चर्यही वाटलं नव्हतं.

ही त्यांची पद्धत होती. मयताच्या घरी भाषणाआधी जायचे, चपला लांब काढायचे, पुरुषांच्या घोळक्यात न बसता आत चुलीपाशी जाऊन बसायचे आणि बायकांना विचारायचे, “कसे होते हो ते?” मला म्हणायचे, “माणसाची एक खरी गोष्ट सांगितली की पुरे, बाई. बाकीचं लोक आपल्या मनाने घालतात.” मातीहून परतताना कडुलिंबाचा पाला चावायचा असतो. सर इतक्या मातींना जायचे, की मी त्यांना चिडवायची, “सर, तुम्हाला आता साखरसुद्धा कडू लागत असेल.” ते हसायचे. हसताना लाजायचे, हे त्यांचं आणखी एक.

आता तात्यांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय सर आमदार झालेच नसते. तात्या म्हणजे आमच्या तालुक्याचे मालक म्हणा ना. साखर कारखाना त्यांचा, दूध संघ त्यांचा, कॉलेजं त्यांची. आमदारकीसुद्धा वर्षानुवर्षं त्यांचीच होती. मग मतदारसंघाची फेररचना झाली आणि आमचा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. तात्यांना उभं राहता येईना. लोकांना वाटलं, झालं, तात्या संपले. तात्या कसले संपतात! आपल्या जागी त्या जातींतला, आपलं ऐकणारा एक माणूस बसवायचा, एवढंच त्यांना करायचं होतं.

त्याच सुमारास तात्यांचे थोरले भाऊ गेले. सावडायला अवघा जिल्हा लोटला. मोठमोठे लोक बोलले, ‘दीनदुबळ्यांचा कैवारी’ वगैरे सगळं झालं. आमच्या संस्थेचा तात्यांशी संबंध होता म्हणून शाळेतर्फे ओहोळ सरांचं नाव पुकारलं. सर म्हणाले, “थोरल्या मालकांचा एक बैल म्हातारपणी आंधळा झाला होता. लोक म्हणाले, बाजार दाखवा. मालक रोज त्याला दावं धरून हौदावर न्यायचे, आणि वाटेत त्याच्याशी बोलत जायचे, म्हणजे त्याला भीती वाटू नये.” तात्या ओक्साबोक्शी रडले. तात्यांना रडताना बघितलेलं माणूस जिल्ह्यात नव्हतं. पण तात्या रडता रडता आणखी एक गोष्ट बघत होते, ती म्हणजे बाकीची गर्दी. सगळी गर्दी मान खाली घालून बसली होती.

थोड्याच दिवसांनी तात्यांची गाडी शाळेच्या दारात आली. सर स्टाफरूममध्ये परतले ते पांढरेफटक पडून. म्हणाले, “तात्या म्हणतात, उभं राहा.” मी म्हणाले, “आणि तुम्ही काय म्हणालात?” तर म्हणाले, “मी म्हटलं, मला भाषण येत नाही, मला फक्त मयताचं येतं. तर तात्या म्हणाले, तेवढंच लागतंय की. तुमच्या बोलण्यानं माणसं निवतात, सर.”

मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आपल्यातला एक साधा मास्तर विधानसभेत जाणार म्हणून आम्ही पेढे वाटले. सर निवडून आले. यायचेच होते, तात्यांनी मनावर घेतलं होतं.

शहरात सात रस्ता चौकाजवळ सरांचं संपर्क कार्यालय उघडलं. मी एकदा बदलीच्या कामासाठी तिथे गेले. समोर मोठं टेबल, टेबलामागे उंच पाठीची खुर्ची, वर तात्यांचा फोटो. खुर्ची रिकामी. सर शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लोकांची निवेदनं घेत होते. मी म्हणाले, “अहो, खुर्चीत बसा की.” सर हळूच म्हणाले, “ती तात्यांची आहे. ते कधीमधी येतात.” गाडी तात्यांची, डिझेल तात्यांचं, ड्रायव्हर तात्यांचा, आत बसलेला माणूस तेवढा आमचा होता. माझ्या अर्जावर त्यांनी सुरेख अक्षरात शिफारस लिहिली, आणि मग ओशाळून म्हणाले, “बाई, एकदा तात्यांच्या बंगल्यावरून फोन गेला तर बरं होईल.”

विधानसभेत त्यांनी एकदाच, आपण होऊन, जिल्हा परिषदेच्या शाळांच्या गळक्या छपरांवर प्रश्न विचारला. पेपरात दोन ओळी आल्या, आम्ही स्टाफरूममध्ये टाळ्या वाजवल्या. तात्यांनी बंगल्यावर बोलावून घेतलं. चहा दिला, बिस्किटं दिली, आणि म्हणाले, “सर, तितं काय विचारायचं ते हितं आधी विचारत जावा की. त्या छपरांचा ठेकेदार आपलाच हाय.” सरांनी हे मला हसत हसत सांगितलं. मी हसले नाही. मला त्या हसण्याचाच राग आला होता.

मग सरांच्या वाट्याला राहिलं काय, तर माती आणि सावडणं. तेवढं खातं तात्यांनी त्यांच्याकडे मोकळं सोडलं होतं. पाऊस असो, ऊन असो, दिवसात दोन दोन, तीन तीन गावं करायचे. ड्रायव्हर काचेपाशी कडुलिंबाची डहाळी ठेवायचा. विरोधक टिंगल करायचे, की हे जिवंतांचे नव्हेत, मेलेल्यांचे आमदार. पण लोकांना ते हवे असायचे. ‘आमदार येऊन चार शब्द बोलले’ म्हणजे माणसाचं आयुष्य पक्क्या शाईत लिहिल्यासारखं व्हायचं. सर जे सांगतील ते गाव खरं धरायचं, कारण सर कधी खोटं सांगत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. हा त्यांचा एवढा एकच अधिकार होता आणि तो तात्यांनी दिलेला नव्हता.

माझं माहेर अक्कलकोटच्या बाजूला, रस्त्यापासून आत. अर्धं गाव कन्नड बोलतं, अर्धं मराठी, आणि भांडताना दोन्ही. आमच्या घरामागे गंगव्वा राहायची. नवरा लवकर गेला, कडबाकुट्टीच्या यंत्रात उजव्या हाताची बोटं गेली, तरी एका हाताने मजुरी करून तिने पोरगा वाढवला. सिद्राम त्याचं नाव. तात्यांच्या कारखान्यात कंत्राटी कामाला होता. गाळप संपल्यावर मळीची टाकी साफ करायला त्याला आत उतरवलं. टाकी नीट उघडी ठेवून हवा जाऊ दिली नव्हती, कमरेला दोर नव्हता. आतल्या वाफेने तो गुदमरला आणि तळाच्या मळीत पडला. वर काढला तेव्हा संपला होता.

ज्यांनी मळी बघितली नाही त्यांना सांगते, उसाच्या रसातली साखर काढून उरलेला तो काळा चिकट पाक असतो. दारू त्याचीच करतात. तो आंबला की त्याला थेट दारूचा वास येतो. सिद्रामचं प्रेत घरी आलं तेव्हा गल्लीभर तोच वास सुटला होता. धुतलं तरी जाईना. कारखान्याच्या माणसांनी तेवढंच धरलं. म्हणाले, पिऊन टाकीवर चढला, तोल गेला, पडला. त्याच्यासोबत काम करणाऱ्या पोरांना खरं माहीत होतं, पण ती सगळी कंत्राटी. आणि गावाने तर स्वतःच्या नाकाने वास घेतला होता.

सावडायच्या आदल्या दिवसापासून गावात धुसफूस चालू होती. काही पोरं म्हणत होती, कारखान्याच्या गेटवर बसायचं. निवडणूक जवळ आली होती. तात्यांनी सरांना पाठवलं. सर नेहमीसारखे आधी घरी आले, चपला लांब काढल्या, आत चुलीपाशी बसले. मातीसाठी माहेरी आलेली मी तिथेच होते. गंगव्वा रडत नव्हती. तिने सरांचा हात आपल्या थोट्या हाताने धरला आणि म्हणाली, “सर, माजा सिद्राम पीत नव्हता. कंदीच न्हाय. त्येच्या बापानं दारूपायी घर घालवलं, त्यो थेंबाला शिवला न्हाय. गाव त्येला बेवडा म्हनतंय. तुमी बोलाल ते गाव मानतंय. तेवढंच बोला. दुसरं काय बी नको मला.”

सर म्हणाले, “बोलतो, अव्वा.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

उठताना त्यांनी माझ्या वहिनीला विचारलं, “आणि कसा होता हो तो?” वहिनी रडत रडत म्हणाली, “सर, अव्वाला एका हातानं वेणी घालता येत न्हाय. ड्युटीला जायच्या आदी त्योच तिची वेणी घालायचा. शेजारची पोरं चिडवायची, तरी घालायचा.”

ओढ्याच्या काठी गर्दी होती. तात्यांचा पुतण्या पहिल्या रांगेत बसला होता. सरांचं नाव पुकारलं. सर उभे राहिले आणि वेणीची गोष्ट सांगितली. कशी सांगितली म्हणून सांगू! तेल कुठे ठेवायचा, फणी कशी धरायचा, आईच्या डोक्याला ओढ बसू नये म्हणून खालून कसा विंचरत यायचा. गेटवर बसू म्हणणारी पोरं ढसाढसा रडली. बाया रडल्या. रडून रडून माणसं सैल झाली, उठली, घरोघरी गेली. गेटवर कुणी बसलं नाही. मी बायकांच्यात गंगव्वाशेजारी होते. ती शेवटपर्यंत सरांच्या तोंडाकडे बघत होती. पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघत होती. ते आलंच नाही. सर खाली बसले आणि कुणीतरी माईकची वायर गुंडाळायला लागलं.

मी तोंडाची फटकळ आहे. सर गाडीकडे निघाले तशी मी आडवी गेले. म्हणाले, “सर, तिनं तुम्हाला काय सांगितलं होतं?”

सर म्हणाले, “बाई, तो पीत नव्हता म्हटलं, की मग पडला कसा, हे येतं.”

“येऊ दे की.”

“तिकिटाची यादी अजून लागायची आहे.” इतकं सरळ सांगितलं. मग मान आणखी वाकडी करून म्हणाले, “मी खोटं काही बोललो नाही, बाई.”

“नाही,” मी म्हणाले, “खरंच बोललात. म्हणून तर सगळे घरी गेले.”

त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना तिकीट मिळालं, ते पुन्हा निवडून आले. या वेळी पेढे वाटले ते तात्यांच्या माणसांनी. सिद्रामची चौकशी झाली म्हणतात. काय झाली ते गंगव्वाला कुणी सांगितलं नाही. गावात मात्र तो ‘टाकीत पडलेला बेवडा’ म्हणून राहिला. चांगला पोरगा होता हो, आईची वेणी घालायचा, पण प्यायचा, असं लोक म्हणायचे. सरांच्या गोष्टीपुढे लोकांनी आपल्या मनाने एवढं घातलं होतं.

दुसऱ्या खेपेला सर बदलले. मातीला जायचे, सावडायला जायचे, पण चुलीपाशी बसेनात. नाव पुकारलं की हात जोडून ‘नको’ म्हणायचे. लोकांना आधी वाटलं, तब्येत बरी नसेल. मग वाटलं, गर्व झाला. आमच्याकडे पुढारी बोलला नाही तर त्याच्या न बोलण्याचेही दहा अर्थ काढतात. अमक्याच्या मयताला बोलले नाहीत म्हणजे त्या भावकीवर राग आहे, तमक्याच्या वेळी बोलले नाहीत म्हणजे तात्यांचं आणि त्यांचं फाटलं. तात्या एकदा चारचौघांत म्हणाले, “आमच्या आमदाराचा आवाज बसलाय. वैद्य बघाय पायजे.” सगळे हसले, सरही हसले. सरांच्या पत्नी मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “बाई, घरी पण बोलत नाहीत हो. जेवताना समोर बसवून मुलगा विचारतो, तर हूं म्हणतात.” मला सरांविषयी माया वाटली, आणि त्यांचा रागही गेला नाही. दोन्ही एकदम वाटत होतं.

दुसरी मुदत संपत आली. या वेळी तात्यांनी दुसरा कुणीतरी बघितलाय, एक तरुण वकील, अशी बोलवा होती. अशात तात्यांची आई गेली. खूप वय झालेली बाई होती. सावडायला मंत्री आले, गाड्यांच्या रांगा लागल्या, ओढ्याच्या काठी मांडव घातला. आमच्या शाळेला सुट्टी देऊन आम्हाला सगळ्यांना नेलं होतं. आमदार म्हणून सरांचं नाव पुकारलं. मला वाटलं, हात जोडतील. पण ते उठले आणि माईकपाशी गेले. तात्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. किती वर्षांनी सर बोलणार होते!

सर म्हणाले, “आईसाहेबांबद्दल सगळ्यांनी सांगितलं आहे. माझ्याकडे एक गोष्ट शिल्लक राहिली आहे. ती त्यांची नाही. सिद्राम नावाचा एक पोरगा तात्यांच्या कारखान्यात मळीच्या टाकीत उतरला. त्याला उतरवलं. तो आतल्या वाफेने मेला. तो दारू पीत नव्हता. हे सांगायला मला त्याच्या आईनं सांगितलं होतं. मी सांगितलं नाही. मी दुसरंच सांगितलं, आणि ते ऐकून तुम्ही रडलात.”

मांडवात कुणी हललं नाही. पण तो सुन्नपणा दुःखाचा नव्हता. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, सिद्राम कोण म्हणून. नावं पुकारणाऱ्याने पुढे होऊन सरांच्या हातातून माईक हळूच काढून घेतला आणि म्हणाला, “आमदारसाहेब भावनाविवश झाले आहेत. आईसाहेबांवर त्यांची माया होती.” पुढचं नाव पुकारलं. तात्या जागचे उठले नाहीत. त्यांनी सरांना समोर बसायला खूण केली आणि पुढच्या वक्त्याकडे तोंड केलं. इतक्या वर्षांत मला सरांचा पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी कळलं, की याचं काहीही होणार नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की तात्या आणि आमदार यांच्यातली दरी रुंदावली. तिकीट जाणार म्हणून आमदारांनी डाव टाकला, असं एकाने लिहिलं. विरोधी पक्ष सरांच्या संपर्कात असल्याचं दुसऱ्याने लिहिलं. सिद्रामचं नाव कुठेही नव्हतं. तिकीट वकिलाला गेलं. गाडी गेली, ड्रायव्हर गेला, सात रस्त्याच्या कार्यालयावरची पाटी एका सकाळी उतरवली. सर पुन्हा पायी चालायला लागले. रस्त्यात लोक नमस्कार करायचे, पण थांबायचे नाहीत.

सर जाऊन आता वर्ष होत आलं. झोपेतच गेले. मी तेव्हा मुलीकडे पुण्याला होते, मला मातीला येता आलं नाही. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, उन्हाळ्यात.

रिक्षा करून माझ्या दारात आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, “बाई, गंगव्वाकडे जायचंय. एकट्याला धीर होत नाही. तुम्ही येता?” मी पदर खोचला आणि निघाले. एसटीने गेलो. वाटेत ते एकदाच बोलले, “आधीच जायला हवं होतं.” मी हो म्हणाले.

गंगव्वा उंबऱ्यात बसली होती. पार थकली होती. केस कातरून बारीक केले होते, वेणी घालायला कुणी नव्हतं म्हणून. सर खाली मातीत बसले. म्हणाले, “अव्वा, मी बोललो. तात्यांच्या आईच्या सावडण्याला, सगळ्यांसमोर बोललो. मंत्री होते. सिद्राम पीत नव्हता म्हणून सांगितलं. कसा मेला ते पण सांगितलं. माझी आमदारकी गेली, जाऊ दे.”

गंगव्वाने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “तितं कुनाला ठाव हुता माजा सिद्राम?”

सरांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

“हितं बोलायचं हुतं, सर. त्येला बेवडा हितं म्हनत्यात. तितं कशाला बोललात?” तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर सोसलं असतं. मग ती म्हणाली, “ऊन लई हाय. पानी घ्या.”

सरांनी पाणी घेतलं. तांब्या खाली ठेवून उठले आणि कुणाला काही न सांगता एसटीच्या थांब्याकडे चालायला लागले. मी मागे. थांब्याजवळ मारुतीच्या देवळाचा कट्टा आहे, दुपारची तिथे सावली असते, माणसं बसलेली असतात. सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. लोकांनी ओळखलं. एकाने सरकून जागा दिली, “बसा की सर, लई दिसांनी.” सर बसले नाहीत. उभ्यानेच बोलायला लागले. माईक नव्हता, हार नव्हता, कुणी नाव पुकारलं नव्हतं. सिद्राम पीत नव्हता. टाकी उघडी ठेवली नव्हती. दोर नव्हता. तो वास मळीचा होता. मला माहीत होतं आणि मी तुमच्यासमोर ओढ्यावर उभा राहून सांगितलं नाही. आवाज चिरकत होता, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

कट्ट्यावरच्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये कुणी उठलं नाही, कुणी हसलं नाही. “व्हय, व्हय, बराबर हाय,” म्हणत माना हलवल्या. सर थांबले. मग कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्याने पटका सारखा केला आणि आपुलकीने विचारलं, “मंग सर, यंदा कुनाकडनं उभं ऱ्हाताय?”

तेवढ्यात एसटी आली. मी हाक मारली. सरांनी मला हाताने पुढे जा म्हणून सांगितलं. मी खिडकीशी बसले. गाडी वळेपर्यंत मला ते दिसत होते, उन्हात उघड्या डोक्याने उभे. ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले होते, आणि एक तरुण पोरगा त्यांच्याकडे मोबाईल धरून त्यांचा फोटो काढत होता.